मोजलं नाही

“बस खाली. गुडघ्यावर. कान टेकव.”

सर म्हणाले आणि मी बसले. खालापूरच्या बाजूचा कागदाचा कारखाना. पंपाची मोटर चालू होती. खाली तेल आणि कागदाचा ओला लगदा. तो सलवारीतून गुडघ्याला गार लागला. सरांनी हातातल्या लोखंडी दांडीचं एक टोक मोटरीला टेकवलं आणि दुसऱ्या टोकाचं लाकडी बोंड माझ्या डाव्या कानावर दाबलं. जुने मेकॅनिक अशा दांडीने बेअरिंगचा आवाज ऐकतात. आमच्या गाडीत ती नेहमी पडलेली असायची. वापरताना मी कोणालाच पाहिलं नव्हतं.

समोर कारखान्याचे मेन्टेनन्स मॅनेजर, त्यांचे दोन इंजिनियर आणि मुंबईहून आलेले कोणी पाहुणे उभे होते.

“ही आमची रानकान,” सर म्हणाले. “ठाकर आहे. कोंडाण्याच्या वरच्या वाडीतली. ह्या लोकांना रानात साप सरकला तरी ऐकू येतं.”

मॅनेजर म्हणाले, “मग मीटर कशाला आणता? हिलाच ठेवून जा की. बांधून ठेवतो पंपाशेजारी.”

सगळे हसले. पाहुण्यांनी मोबाइल वर धरला.

“सांग,” सर म्हणाले. “कुठलं बेअरिंग?”

“पुलीच्या बाजूचं,” मी म्हणाले. “बाहेरची रिंग.”

“शाब्बास!”

त्यांनी माझ्या डोक्यावर थोपटलं. दोनदा. आमच्या वाडीत कुत्र्याने ससा धरून आणला की त्याला असंच थोपटतात.

बेअरिंग खोललं. बाहेरच्या रिंगेला ओरखडा होता. नखाएवढा. मॅनेजरांनी टाळी वाजवली आणि बाकीच्यांनी पण.

मी हसले. हे आधीच लिहून टाकते. पुढे मी जे काही लिहिणार आहे त्यात कोणाला वाटेल की मी पहिल्यापासून शूर होते. नव्हते. मी गुडघ्यावर बसून, दात दाखवून हसले. एकच माणूस हसला नव्हता. कारखान्याचा फिटर, पांडूदादा. तो तिथेच हातात पाना धरून उभा होता. सगळे चहाला गेल्यावर त्याने मला एक स्वच्छ चिंधी दिली.

“घे गं. गुडघा पूस.”

एवढंच म्हणाला.

त्या दिवशीच्या दोन गोष्टी टाळ्या वाजवणाऱ्यांना माहीत नव्हत्या.

एक तर कोणालाच माहीत नव्हती. मला डाव्या कानाने ऐकू येत नाही. कमी नाही, अजिबात नाही. सरांनी दांडी दाबली तेव्हा जबड्यात थरथर जाणवली, आणि उजव्या कानात कारखान्याचा सगळा गोंगाट. बाकी काही नाही.

दुसरी गोष्ट सरांना माहीत होती. उत्तर मी त्यांना दोन तास आधी गाडीत दिलं होतं. आदल्या दिवशी त्या मोटरीवर मीच मीटर लावला होता. मोटर फिरताना किती थरथरते, आणि ती थरथर कुठल्या कुठल्या तालात आहे, ते मीटर आलेखात दाखवतो. पांडूदादाने बेअरिंगचा नंबर सांगितला होता. त्यावरून मी त्यात पोलादी गोळ्या किती ते शोधलं. आठ. बाहेरच्या रिंगेला ओरखडा असेल तर शाफ्टच्या, म्हणजे मोटरीच्या फिरत्या आसाच्या, एका फेऱ्यात त्या जागेवर तीन ठोके बसायला हवेत, तीनच्या किंचित वर. आलेखात बरोबर तिथे टोक आलं होतं. त्याच्या दुप्पट जागी पण होतं, तिप्पट जागी पण. मी संध्याकाळी खोलीवर तीनदा गणित केलं. तिन्ही वेळा तेच आलं. सकाळी गाडीत घाबरत घाबरत वही पुढे केली.

सर फोनवरून नजर न काढता म्हणाले, “हं. बरोबर असेल.”

म्हणजे मी त्यांना गणित दिलं होतं. लोकांसमोर त्यांनी त्याचा कान केला.

सरांचं नाव मी लिहीत नाही. कर्जतच्या जुन्या घरातले. वडील शिक्षक होते, आजोबा वकील. स्वतः हुशार. कारखान्यांतल्या मोटरी, पंप, पंखे तपासून रिपोर्ट देण्याचं त्यांचं ऑफिस आहे. मोटर चालू असतानाच तिचा आजार ओळखायचा, बंद पडायची वाट बघायची नाही, असं ते काम. मला ते पहिल्या दिवसापासून आवडलं. मी इलेक्ट्रिकलच्या शेवटच्या वर्षाला. शेवटचं सत्र म्हणजे सहा महिने अशा ठिकाणी काम करायचं आणि सर्टिफिकेट आणायचं. ते नसेल तर डिग्री नाही. बारा ठिकाणी अर्ज केला होता. यांनीच बोलावलं. मुलाखतीत म्हणाले, “तुमच्यातून कोणी एवढं शिकतं म्हणजे कौतुकच आहे.” मला तेही कौतुकच वाटलं.

माझ्या आधी आमच्या घरात कोणी दहावीच्या वर गेलेलं नाही. आई-बाप पावसाळ्यात नाचणी-वरी करतात, बाकीचे दिवस कर्जतच्या फार्महाऊसवर मजुरी. मी आश्रमशाळेत वाढले. चौथीत असताना आमच्या खोलीतल्या सगळ्या मुलींना गालगुंड आलं. कोणीतरी गेरूचा लेप लावला. गाल उतरले. बाकीच्या मुली खेळायला लागल्या. मी उजव्या कुशीवर झोपले की मला सकाळची घंटा ऐकू यायची नाही, एवढाच फरक पडला. उशीर झाला म्हणून छडी खाल्ली. मग मी डाव्या कुशीवर झोपायला शिकले. वर्गात डाव्या कोपऱ्यात बसायला शिकले, म्हणजे चांगला कान बाईंकडे. कोणाला सांगितलं नाही. आधीच मी वाडीवरची, त्यात बहिरी कशाला.

कॉलेजातही डाव्या कोपऱ्यातच बसले. चार वर्षं. कोणाच्या लक्षात आलं नाही. कोणी तेवढं बघितलंच नाही.

म्हणून मी का हसले ते सांगते. इतक्या माणसांनी माझ्याकडे एकदम पाहिलं असं पहिल्यांदाच झालं होतं. टाळी माझ्यासाठी वाजली होती. मला वाटलं, चुकीच्या कारणाने का होईना.

सरांनी तो व्हिडिओ सगळीकडे पाठवला. खाली लिहिलं, ‘निसर्गाची देणगी’. कॉलेजच्या ग्रुपवर आला. एका मुलाने विचारलं, “रानकान, माझ्या पोटात काय वाजतंय सांग ना.” दुसरा म्हणाला, “अरे, हिच्यासमोर हळू बोला रे, डोंगरावर ऐकू जाईल.” मी हसण्याची चित्रं पाठवली.

मग प्रत्येक नवीन कारखान्यात तेच. सर मीटर गाडीत ठेवायचे आणि दांडी काढायचे. खरं काम मी आधीच करून ठेवलेलं असायचं. वहीत आकडे, आलेख, गणित. पण रिपोर्टवर सही सरांची, आणि लोकांसमोर माझा कान. माझं डोकं कुठेच नव्हतं. हे मला तेव्हा असं नीट शब्दांत कळलं नव्हतं.

डिसेंबरात सरांनी गिऱ्हाइकांसाठी जेवण ठेवलं. कर्जतजवळच्या एका फार्महाऊसवर. मला म्हणाले, “एक छोटा खेळ करू. दोन मोटरी ठेवू, एक चांगली, एक खराब. तुझ्या डोळ्यांवर पट्टी. तू ऐकून ओळखायची. आणि येताना तुमचे ते कपडे घालून ये. आईचं लुगडं असेल ना? माळा वगैरे?”

मी म्हणाले, “बघते सर.”

नाही म्हणायला मला येतच नव्हतं. अजूनही चटकन येत नाही.

वाडीवर गेले. आईकडे लुगडं मागितलं. ती चुलीपाशी होती.

“कशाला गं? लगीन हाय कुनाचं?”

मी सांगितलं. खेळ आहे म्हणून सांगितलं. ती उठली, पेटीतून लुगडं काढलं, झटकलं. मग हातात धरूनच बसली.

“आमालाबी बोलवायचे फारमाऊसला. नाचाया. तू लहान व्हतीस. तोंडावर बत्ती मारून फोटू काढायचे. जेवाया घालायचे, वंगाळ कायबी नाय बोलायचे. पन नाव नाय इचारलं कुनी. एकानंबी नाय.”



“आमी अडानी. आमी नाचलो. तू तं शिकलीस ना गं, पोरी? मंग तुला बी तेच?”

तरी तिने लुगडं दिलं. नेसवून दाखवलं. माळा घातल्या. आणि मी गेले. हे पण लिहून टाकते. मी गेले.

दुपारची वेळ. हिरवळीवर टेबल, टेबलावर दोन मोटरी. माझ्या डोळ्यांवर रुमाल बांधला. कोणीतरी म्हणालं, “वास पण घेते का?” मी दांडी हातात घेतली आणि उजव्या कानाला लावली. सरांच्या लक्षातही आलं नाही की या वेळी कान बदलला. खराब मोटर इतकी खराब होती की दांडीची गरजच नव्हती. खडखडत होती. कुणालाही कळलं असतं. मी बोट दाखवलं आणि टाळ्या.

रुमाल सोडला तेव्हा समोर भांडी घासायला बसलेल्या बायका दिसल्या. त्यात आमच्या वाडीतली धर्मीकाकी होती. लग्नकार्यात नेसायचं लुगडं नेसून मी तिथे उभी, हातात लोखंडी दांडी. काकीने एकदा पाहिलं. मग मान खाली घालून पातेलं घासायला लागली. मी तिला हाक मारली नाही. तिनेही मारली नाही. तिने मला वाचवलं होतं की मी तिला लाजवलं होतं, अजून कळत नाही.

त्यानंतर महिनाभराने आम्ही परत त्याच कागद कारखान्यात गेलो. या वेळी मोठ्या पंख्याची मोटर. दर महिन्याला तिच्या सहा ठिकाणी मीटरचा सेन्सर लावून सहा आकडे घ्यायचे, असं ठरलेलं. पण सेन्सर पुण्याला कॅलिब्रेशनला गेला होता, म्हणजे त्याचं माप बरोबर आहे की नाही ते तपासायला. खोपोलीच्या कुरिअरवाल्याकडे मीच नेऊन दिला होता. पावती माझ्या वहीत होती, पानाला खूण म्हणून.

मी म्हणाले, “सर, सेन्सर आल्यावर येऊ या का?”

“त्याची काय गरज? तू आहेस ना. कान लाव. आकडे मी टाकतो.”

ते मॅनेजरांच्या केबिनमध्ये गेले. मी पंख्याकडे. पांडूदादा तिथे होता. त्याने बेअरिंगच्या घरावर, म्हणजे बाहेरच्या लोखंडी कवचावर, तळवा ठेवला आणि लगेच उचलला.

“हात लावून बघ गं. चटका देतंय. परवापास्नं हाय. आन् काळं ग्रीस गळतंय बघ खाली.”

मी हात लावला. गरम होतं. नेहमीपेक्षा गरम. मी दांडी उजव्या कानाला लावली. शेजारी कागदाचं मोठं यंत्र चालू होतं. मला काहीच वेगळं कळलं नाही. नीट सांगते. मला ते चांगलंही वाटलं नाही, वाईटही वाटलं नाही. कळलंच नाही.

केबिनमध्ये जाऊन मी सरांना सांगितलं, “पांडूदादा म्हणतो गरम आहे.”

“फिटरच्या हाताला सगळंच गरम लागतं,” सर म्हणाले. “तुझा कान काय म्हणतो?”

मॅनेजर माझ्याकडे बघत होते. हसऱ्या चेहऱ्याने. खेळ बघायला बसल्यासारखे.

मला म्हणायचं होतं, माहीत नाही. दोन शब्द. पण रानकानला माहीत नाही असं कसं होईल? मी चार महिने ते नाव अंगावर घालून फिरत होते.

मी म्हणाले, “ठीक वाटतंय.”

अकराव्या दिवशी ते बेअरिंग जाम झालं. धावता शाफ्ट अडकला, पंखा फिरवणारे पट्टे जळाले, त्यातला एक तुटून बाहेर फेकला गेला. त्या बाजूच्या जाळीचा एक तुकडा कधीपासून निघालेला होता. पांडूदादा तेव्हा बेअरिंगवर हात ठेवून बघत होता. रिपोर्टमध्ये ठीक लिहिलं होतं तरी त्याला राहवलं नव्हतं. पट्टा त्याच्या हातावर बसला. उजव्या हाताची दोन बोटं गेली.

मला कळलं ते फोनवर. मी ऑफिसात होते. समोर आलेख उघडा होता.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेले. तो खाटेवर बसला होता. हाताला एवढं मोठं बँडेज. बायको शेजारी. मला बघून तो ओळखीचं हसला. मग त्याने विचारलं. रागाने नाही. खरंच माहीत करून घ्यायचं असल्यासारखं.

“तुजा कान काय बोलला व्हता गं त्या दिवशी?”



“कायच नाय बोलला, दादा,” मी म्हणाले. “मला ऐकूच आलं नव्हतं.”

त्याने बँडेजचा हात उचलून मांडीवर घेतला.

“मंग सांगायचं व्हतंस.”

बस. एवढंच. त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आठवड्यात कारखान्याने कागद काढला. पांडूने बेअरिंगमध्ये ग्रीस जास्त ठोसलं, त्यामुळे ते तापलं आणि जाम झालं. तपासणीच्या रिपोर्टप्रमाणे मोटर व्यवस्थित होती. चूक फिटरची. त्याला घरी बसवलं आणि चौकशी लावली. म्हणजे बोटं पण गेली, आता नोकरी पण जाणार होती. आणि ज्या रिपोर्टच्या जोरावर जाणार होती तो मी ‘ठीक वाटतंय’ म्हणाले त्याच दिवशीचा होता.

मी रिपोर्ट काढून पाहिला. सहा ठिकाणचे सहा आकडे व्यवस्थित छापलेले. मी माझ्या वहीतले मागच्या महिन्याचे आकडे शेजारी ठेवले. प्रत्येक आकडा एक दशांशाने वाढवलेला. सहाही ठिकाणी तेवढाच. नेमका तेवढाच.

मशीन असं म्हातारं होत नाही. एक बाजू झिजते, दुसरी टिकते. सहा ठिकाणी सारखी वाढ फक्त खुर्चीवर बसून होते.

सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. दार लावलं. आवाज गोड.

“कारखान्याला एक स्टेटमेंट हवं आहे. तू तिथे होतीस, रीडिंग घेतलं, सगळं ठीक होतं. एवढंच लिहून दे. सर्टिफिकेट तयार आहे तुझं. मी त्यात चांगलं लिहिलंय.”

“सर, रीडिंग घेतलं नव्हतं.”

“हे बघ.” आवाज तसाच गोड. “नाहीतर मला सांगावं लागेल की मुलीने ऐकलं आणि मुलगी चुकली. आदिवासी मुलीच्या कानावर विसंबलो, माझी चूक झाली, असं म्हणेन. लोक मला माफ करतील. तुला दारात कोण उभं करेल परत?”

त्या क्षणी मला सगळं दिसलं. कान बरोबर निघाला की तो सरांच्या ऑफिसचा. चुकला की तो ठाकरणीचा. गुडघ्याला लागलेला तो गार लगदा मला परत जाणवला. डोक्यावरचं थोपटणं जाणवलं. चार महिने मी ज्याला कौतुक समजत होते ते काय होतं ते कळलं. मी चार वर्षं इंजिनियरिंग शिकले ते त्यांना नकोच होतं. शिकलेली मुलगी प्रश्न विचारते, सही मागते. रानातला कान काही मागत नाही. त्याला थोपटलं की पुरतं.

मी म्हणाले, “दोन दिवस द्या सर.”

त्यांना वाटलं, मी घाबरले. घाबरलेच होते.

दुसऱ्या दिवशी मी अलिबागला सरकारी दवाखान्यात गेले आणि कान तपासून घेतला. आयुष्यात पहिल्यांदा. एका बंद पेटीसारख्या खोलीत बसवलं. कानाला हेडफोन. बाहेरच्या बाई म्हणाल्या, “आवाज आला की बटण दाब. बारीक आला तरी दाब.” आधी उजवा कान. मग त्यांनी उजव्या कानात खरखर सोडली, म्हणजे तो डाव्याला चोरून मदत करणार नाही, आणि डाव्यात आवाज द्यायला लागल्या. मी बटणावर अंगठा ठेवून बसले. काचेतून त्यांचा हात दिसत होता. त्या आवाज वाढवत होत्या, वाढवत होत्या. मी वाट बघत होते. अंगठा हलला नाही.

त्यांनी आलेख दिला. आडव्या रेषेवर फ्रिक्वेन्सी. अगदी आमच्या मोटरीच्या आलेखासारखी. उजव्या कानाची रेघ वर, जवळजवळ सरळ. डाव्या कानाची रेघच नव्हती. तळाला नुसते बाण. मशीनने होता तेवढा सगळा आवाज दिला, उत्तर आलं नाही, असा त्याचा अर्थ.

“कधीपासून?” बाईंनी विचारलं.

“चौथीपासून.”

“आणि आत्ता आलीस?”

मी बाहेर बाकावर तो कागद घेऊन बसले. इतकी वर्षं मी दुसऱ्यांच्या मोटरी तपासायला शिकत होते. माझा कान कोणी तपासला नव्हता. सरांनी नाही, शाळेने नाही, मी पण नाही. सगळ्यांनी नुसता अंदाज केला. कोणी म्हणालं ढ आहे, कोणी म्हणालं रानकान आहे. मोजलं कोणीच नव्हतं.

चौकशी कारखान्याच्या मीटिंगच्या खोलीत होती. मॅनेजर, कारखान्याच्या मालकांकडून आलेले एक साहेब, सर आणि मी. पांडूदादा बाहेर स्टुलावर. त्याला आत बसवलं नव्हतं.

सर म्हणाले, “ही लिहून देईल.”

मी लिहून आणलंच होतं. हाताने. त्या जबाबासोबत आणखी तीन कागद पुढे ठेवले. पहिला कागद, माझ्या वहीतले मागच्या महिन्याचे आकडे आणि शेजारी रिपोर्टचे. दुसरी कुरिअरची पावती. त्या तारखेला सेन्सर पुण्यात होता. तिसरा माझ्या कानाचा आलेख.

मी मॅनेजरांकडे बघून म्हणाले, “त्या दिवशी मीटर लावलाच नव्हता. आकडे मोजलेले नाहीत. पांडूदादाने गरम आहे म्हणून सांगितलं होतं, मी आत येऊन सांगितलं, तुमच्यासमोर. आणि साहेब, मला डाव्या कानाने ऐकू येत नाही. पहिल्या दिवशी तुम्ही टाळी वाजवलीत तो हा कान.”



मॅनेजर म्हणाले, “म्हणजे त्या दिवशी तू ठीक आहे म्हणालीस ते खोटं?”

“हो,” मी म्हणाले. “खोटं होतं. ते पण लिहिलंय. दुसऱ्या परिच्छेदात.”

सर उठले. “हिला कळतंय का ही काय बोलते? हिला आम्ही घडवलं. वाडीवरून उचलून आणलं.”

“मी एसटीने आले होते सर,” मी म्हणाले.

मला विनोद करायचा नव्हता. खरंच एसटीने आले होते. मालकांकडचे साहेब खोकले. मग त्यांनी तिन्ही कागद आपल्या बाजूला ओढले आणि वाचायला लागले.

“सर्टिफिकेट विसर,” सर म्हणाले.

मी हाताने लिहिलेल्या जबाबाखाली सही केली. पूर्ण नाव लिहिलं. बापाचं नाव, आडनाव, वाडीचं नाव. आईला कोणी नाव विचारलं नव्हतं ना. मी न विचारता लिहिलं.

बाहेर आले तर पांडूदादा स्टुलावरून उठला. काय झालं ते त्याने दारातून ऐकलं होतं. मला माफी मागायची होती, पण माफीने बोटं येत नाहीत, आणि मला त्याच्याकडून हलकं होऊन जायचं नव्हतं. डाव्या हाताने त्याने मला पुढे जायची वाट दिली.

सर्टिफिकेट मिळालं नाही. माझं सत्र गेलं. पांडूदादाची चौकशी अजून चालू आहे. ग्रीसचा आरोप मागे घेतला म्हणतात, पण त्याला कामावर अजून घेतलेलं नाही. माझे कागद फाइलला लागले आहेत, एवढं मला त्याच्या बायकोने सांगितलं. पुढच्या तारखेला मला बोलावलं आहे. मी जाणार आहे. त्यानंतरच्या तारखेलाही.

लुगडं आईला परत दिलं. ती म्हणाली, “काय झालं गं?” मी सगळं सांगितलं, कानासकट. ती माझ्या डाव्या बाजूला बसली होती. उठून उजव्या बाजूला येऊन बसली.

या सत्रात मी दुसऱ्या ठिकाणी काम करते, चौकजवळ. पहिल्याच दिवशी सांगितलं, डाव्या बाजूने हाक मारू नका, ऐकू येत नाही. मागच्या आठवड्यात एका कारखान्यात एक ब्लोअर बंद करून द्यायला तयार नव्हते आणि चालू असताना सेन्सर लावायला जागा नव्हती. तिथला सुपरवायझर हसत म्हणाला, “अगं, तो व्हिडिओ तुझाच ना? जरा कान लावून सांग की. रकाना रिकामा कशाला ठेवतेस?”

त्याच्या हातात दांडी होती. त्याने ती पुढे केली.

मी दोन्ही हात वहीवर ठेवले. रकाना रिकामा ठेवला नाही. त्यात लिहिलं, ‘मोजलं नाही’. आणि खाली माझी सही केली.

यापुढे ज्या यंत्राला मी मीटर लावला नाही, त्याबद्दल मी एक शब्द बोलणार नाही. आणि ज्याने मला मोजलं नाही, त्याला माझ्याबद्दल बोलू देणार नाही.